घरगुती सेल-टेस्टर : उपयोग आणि मर्यादा

पावसाळ्याच्या रात्री वीज जावी, विजेरीची कळ दाबावी आणि तिचा दिवा क्षणभर मिणमिणून विझावा, हा अनुभव बहुतेक घरांना परिचित आहे. आश्चर्य असे की, हेच सेल आदल्या आठवड्यात टेस्टरवर 'चांगले' ठरलेले असतात. मग हे स्वस्त उपकरण निरुपयोगी समजावे काय? तसे नाही; मात्र ते नेमके काय मोजते, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. सेल जुना होतो तसतसा हा रोध वाढत जातो. विद्युत्प्रवाह वाहत नसताना त्याचा परिणाम दिसत नाही. प्रवाह सुरू होताच सेलचा दाब आतल्या आतच खर्ची पडू लागतो. समजा, नव्या सेलचा दाब १.५ व्होल्ट व अंतर्गत रोध ०.२ ओहम आहे. जुन्याचा दाब १.४ व्होल्ट व रोध २ ओहम आहे. नुसत्या मोजणीत दोहोंत केवळ ०.१ व्होल्टचा फरक दिसेल. परंतु ५ ओहमचा भार जोडताच नवा सेल सुमारे १.४४ व्होल्ट देईल आणि जुना अवघा १ व्होल्ट. सेलची खरी परीक्षा भाराखालीच होते, ती यामुळे.

साधा काट्याचा टेस्टर तपासावयाच्या सेलवरच चालतो. म्हणजे तो त्यावर थोडाफार भार टाकतो. मल्टीमीटरच्या व्होल्ट मोजणीत असा भार जवळजवळ नसतो. त्यामुळे मल्टीमीटरचा आकडा अचूक असूनही सेलचा दुबळेपणा त्यातून निसटू शकतो. मात्र टेस्टरचा भार ठराविक असतो. अधिक प्रवाह ओढणाऱ्या उपकरणात सेल कसा वागेल, हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही.

सेलच्या प्रकाराकडेही लक्ष द्यावे. अल्कलाइन व झिंक-कार्बन सेलचा दाब वापराबरोबर हळूहळू उतरतो. म्हणून त्यांच्याबाबत काटा बरीच खरी माहिती देतो. पुनःपुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा दाब बराच काळ १.२ व्होल्टच्या आसपास राहतो. त्यामुळे पुरेसा भरलेला सेलही 'कमजोर' ठरण्याचा संभव असतो. १.५ व्होल्टच्या लिथियम सेलचे याच्या उलट आहे : तो जवळजवळ संपेपर्यंत काटा हिरव्या पट्ट्यातच राहतो.

टेस्टर वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. नवा सेल आणताच तपासून काटा कोठे थांबला ते लिहून ठेवावे. पुढील तुलना त्याच्याशीच करावी.

२. सेलची टोके कोरड्या फडक्याने पुसून, धन व ऋण टोके योग्य जागी टेकवावीत.

३. काटा दोन-तीन सेकंद पाहावा. तो स्थिर न राहता खाली सरकत असेल, तर सेल थकलेला समजावा. यापेक्षा अधिक वेळ, विशेषतः बटण सेल, टेस्टरवर ठेवू नये.

४. उपकरणातील सर्व सेल एकेक करून तपासावेत. एक दुबळा सेल सर्वांचे काम बिघडवतो. नवे व जुने सेल एकत्र वापरू नयेत.

५. विजेरीस अपुरा ठरलेला सेल लगेच टाकू नये. भिंतीवरील घड्याळास अत्यल्प प्रवाह लागतो. तेथे तो आणखी काही काळ चालू शकतो. मात्र गळणारा सेल तत्काळ बाजूला काढावा.

बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेस काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

तात्पर्य, टेस्टरने 'निकामी' ठरविलेला अल्कलाइन सेल बहुधा निकामीच असतो. परंतु त्याने 'चांगला' म्हटलेला प्रत्येक सेल भरवशाचा असतोच असे नाही. म्हणून रक्तदाब वा रक्तशर्करा मोजणारे उपकरण आणि संकटसमयीची विजेरी यांसाठी काट्यावर विसंबू नये; नव्या सेलचा एक संच घरात सदैव राखून ठेवावा.