आठवणीला काम द्यावं

श्रीवर्धनला आमच्या आळीत म्हातारी माणसंच जास्त; तरणी सगळी मुंबईत. त्यांच्या ओटीवर बसून जे उमगलं, ते असं.

१. "तेच ते काय सांगता?" असं म्हणण्याआधी ते कशासाठी सांगतात, ते बघावं. कॅनडातल्या जेफ्री वेबस्टर या मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली यासाठी प्रश्नावलीच केली. कुणी आठवणीतून आपण कोण ते चाचपतं, कुणी अडचणीवर वाट काढतं, कुणी पुढच्यांना शिकवतं, कुणी नुसता वेळ काढतं, तर कुणी जुनं वैर उगाळतं. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की पहिल्या दोन कामांसाठी आठवणी वापरणाऱ्यांचं मन बरं असतं, शेवटच्या दोहोंत अडकलेल्यांचं खचलेलं.

२. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि शेजारचे अण्णा बोलेनासे झाले. नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. ऐंशीच्या माणसाने ती लावावी कुणासाठी? पावसानंतर पुतण्या आला. त्याने सांत्वन वगैरे केलं नाही. "काका, रोपांना सावली कशाची करायची?" एवढंच विचारलं. अण्णा म्हणाले, "केळ लाव आधी." मग पाटाला उतार कुठून, वडिलांनी कोणत्या झाडाचं बी राखलं, सगळं निघालं. काठी टेकत वाडीत जाऊ लागले. औषधं तीच होती.

३. गेलेल्या माणसाची आठवण एकट्याने काढत बसणंही अभ्यासक खचवणाऱ्या खात्यात टाकतात. मला ते अर्धंच पटतं. आमच्याकडच्या दोघी जावा थोरल्या दिरांच्या नकला करून पोट धरून हसतात. एकीला एकटी बसवा, ती रडेल.

४. बांधाच्या भांडणाची टकळी सुरू झाली की "जाऊ दे हो" म्हणून ती थांबत नाही. "त्याआधी तुम्ही दोघं गरवायला जायचात ना?" असं विचारून बघावं. कधीकधी जमतं.

५. दुःख खणून काढू नये. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येला, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशी बुडाली; सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबागकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तीत होतं. नातवंडं मोबाइल समोर धरून "सांगा ना आजोबा" करतात. आजोबांनी विषय बदलला तर मोबाइल खिशात ठेवावा.

६. "तुमचं लहानपण सांगा" म्हटलं की आजी "काय सांगायचं मेलं!" म्हणून उठतात. साधारण दहा ते तिशीपर्यंतचे दिवस उतारवयात जास्त आठवतात, म्हणून प्रश्न तिथला आणि नेमका हवा: "सासरी सुपारी सोलायला कुणी शिकवलं?" मग चहा दोनदा टाकावा लागतो.