ज्या सल्ल्यावर कमिशन नाही

साहित्य मंडळाच्या अंकात पैशाचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण पदवीनंतर काय करायचं हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच आहे. स्वतंत्र आर्थिक सल्लागाराचा व्यवसाय हे त्याचं एक उत्तर असू शकतं. आदिलाबाद जिल्ह्यात त्याची तयारी कशी करावी, ते पाहू.

पहिला प्रश्न: आपल्याला पैसे कोण देणार?

म्युच्युअल फंडाच्या वितरकाला फंड कंपनी कमिशन देते. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला ग्राहक फी देतो. सेबीच्या नियमांनुसार एकाच ग्राहकाकडून फी आणि त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन, असं दोन्ही घेता येत नाही.

आपल्याकडे हा फरक फार मोठा आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कापूस पिकतो. पैसा हंगामात येतो, खर्च मात्र बारा महिने. समजा, एका घरावर शेकडा दोन रुपये महिना दराने कर्ज आहे, म्हणजे वर्षाला 24 टक्के. कापसाचे एक लाख हाती आले, तर खरा सल्ला एकच: आधी हे कर्ज फेडा. दुसरा सल्ला रैतू बीमाचा. 2018 पासूनच्या या योजनेत 18 ते 59 वयाच्या शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला 5 लाख रुपये मिळतात. तिथे वारसाचं नाव बरोबर लागलंय का, ते तपासा.

हे दोन्ही सल्ले घर वाचवणारे आहेत, पण त्यांवर कमिशन कुणीच देत नाही. म्हणून फी.

गुंतवणुकीतही हिशेब करून बघा. 1 जानेवारी 2013 पासून म्युच्युअल फंडात कमिशन नसलेले ‘डायरेक्ट प्लॅन’ मिळतात. 1 लाख रुपये 20 वर्षं दरसाल 10 टक्क्यांनी वाढले, तर सुमारे 6.73 लाख होतात. 9 टक्क्यांनी वाढले, तर 5.60 लाख. एका टक्क्याचा फरक मुद्दलापेक्षा मोठा! (हे दर फक्त उदाहरणासाठी. ठरावीक परताव्याचं वचन सल्लागार देऊ शकत नाही.)

दुसरा प्रश्न: पात्रता काय लागते?

डिसेंबर 2024 मध्ये सेबीने अटी सैल केल्या. पदव्युत्तर पदवीऐवजी पदवी चालते, अनुभवाची अट गेली, आणि 150 ग्राहकांपर्यंत 1 लाख रुपयांची ठेव पुरते. एनआयएसएमच्या ‘एक्स-ए’ आणि ‘एक्स-बी’ या दोन परीक्षा द्याव्या लागतात. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के गुण हवेत. पदवी कोणत्या विषयाची चालते, हे अर्जाआधी सेबीच्या संकेतस्थळावर वाचून घ्या, कारण नियम बदलत असतात.

तिसरा प्रश्न: आपलं घर कसं चालणार?

समजा, 40 कुटुंबांनी वर्षाला 6,000 रुपये फी दिली. झाले 2,40,000, म्हणजे महिना 20,000, आणि त्यातूनच भाडं, प्रवास, इंटरनेट. शिवाय पहिल्याच वर्षी 40 घरं मिळतीलच असं नाही. म्हणून किमान वर्षभराचा घरखर्च आधी साठवायला हवा. शेतकरी ग्राहकांची फी कापूस विकल्यानंतर घ्यावी. दर महिन्याला मागितली तर ते टिकणार नाहीत.

शेवटी भाषा. कागद तेलुगूत किंवा इंग्रजीत, घरातलं बोलणं मराठीत, असं आपल्या किती तरी घरांत आहे. ‘लिक्विडिटी’ला पुस्तकात ‘तरलता’ म्हणतात, पण आजीला ते कसं कळणार? ‘अडीनडीला हा पैसा किती दिवसांत हातात येईल?’ असं विचारलं की लगेच कळतं. इथे साहित्याचा विद्यार्थी कुणाच्या मागे नाही.

अभ्यास: परवानगी घेऊन एका कुटुंबाची बारा महिन्यांची जमा, खर्च आणि कर्जं वहीत मांडा. मग त्यांना काहीही विकत घ्यायला न लावता उपयोगी पडतील असे तीन सल्ले लिहा. ते जमले, तर तयारी सुरू झाली असं समजा.