गार चूल, पातळ हात

पोरी, घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी आणि जोंधळ्याची भाकरी आपण येळ्ळूरकर अजून चुलीवरच करतो. चुलीचा रंग टिकत नाही म्हणून तू ऑइलपेंटचा डबा काढलास, तो आधी ठेवून दे. तेलाचा रंग आचेनं फुगतो, करपतो आणि त्याचा धूर घरातच फिरतो. चुलीला माती आणि काव हेच खरं. कावेची लाली तिच्यातल्या लोहाची असते, ती आचेला जळत नाही.

माती बघून घे. शिवारातली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, मग चूल तडकते. वारुळाची आण, नाहीतर खानापूरकडची तांबडी, जिची तिकडं कौलं-विटा होतात. चाळून रात्रभर भिजत घाल.

भेग बुजवायची तर 3 भाग मातीत 1 भाग भाताचं तूस मळ. बासमतीची मळणी झाली की गिरणीत तूस हवं तेवढं मिळतं. भेगेवर वरून फासू नकोस. खिळ्यानं सैल माती खरवड, आत पाणी शिंपड, मग अंगठ्यानं दाबून भर. कोरडी कड ओल्या मातीतलं पाणी ओढून घेते आणि भरलेलं गळून पडतं.

सारवायचं ते सकाळी, चूल पेटवायच्या आधी. राख भर, कुंच्यानं काजळी झाड, उतू गेलेलं दूध करपलं असेल तर कोरडंच खरवड. गरम चुलीवर पोतेरं फिरवलंस तर पाण्याची वाफ होते आणि तीच वाफ पापुद्रा उचलते.

शेण फक्त बाहेरून. त्यातले तंतू माती धरून ठेवतात. आत आणि भांडं टेकतं त्या खुरांवर मात्र नुसती माती. तिथं शेण जळून जातं आणि थर भुसभुशीत होतो.

सारवायचा काला ताकासारखा पातळ हवा. पावसाळ्यात तर आणखी पातळ, कारण ओल हटत नाही.

दिवाळीआधी साठलेले थर खुरप्यानं खरवडून काढ. थरावर थर चढले की चुलीचं तोंड अरुंद होतं, वारा आत जात नाही, लाकूड धुमसतं आणि सगळी चूल काळी पडते. अशा चुलीवर कितीही काव लाव, दोन दिवसांत पुन्हा काजळी. त्याला उपाय म्हणजे वाळलेलं लाकूड आणि मोकळं तोंड.

पंधरा दिवसांनी जाड थापण्यापेक्षा रोज एक पातळ हात फिरव. भेग केसाएवढी असतानाच बोटाला लागते, आणि तेव्हा ती चिमूटभर मातीनं बुजते.