मदतपान कुठं ठेवावं?

चिरंजीव भाचीस,


नोड जोडून प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन तुझ्या गळ्यात पडलंय, असं ताईकडून कळलं. वेगळी विकी थाटण्याआधी 'प्युअर डेटा' एकदा उघडून बघ.

मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत 'मॅक्स' हे संगीताचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि १९९०च्या दशकात मुक्तस्रोत 'प्युअर डेटा'. त्यात नोडच्या खोक्यावर उजवं क्लिक करून 'हेल्प' निवडलं, की नुसतं वाचायचं पान येत नाही. चालता पॅच, म्हणजे तारांनी जोडलेल्या खोक्यांचा प्रोग्रॅम, उघडतो. स्वर काढणाऱ्या 'ऑस्क~' खोक्याच्या मदतीत आकडा बदलला की स्वर चढलेला-उतरलेला कानांना कळतो, आणि हवा तो तुकडा उचलून थेट आपल्या पॅचमध्ये चिकटवता येतो. ही मदत म्हणजे नावाला 'हेल्प'चं शेपूट लावलेली साधी .पीडी फाइल. नवी आवृत्ती आली की ती चालवून बघायची. जी अडखळते ती शिळी झाली, हे वाचकाच्या आधी लिहिणाऱ्याला कळतं. स्क्रीनशॉटला ही सोय नाही. बटणाची जागा बदलली तरी तो वर्षानुवर्षं छातीठोकपणे जुनंच सांगत राहतो.

साठवणीचं म्हणशील तर .पीडी फाइल हा साधा मजकूर असतो. प्रत्येक खोक्याची एक ओळ, खाली तारांच्या ओळी, त्याही खोक्यांच्या क्रमांकांनी लिहिलेल्या. आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ती सुखानं राहते. मात्र मधलं एक खोकं पुसलं की पुढचे क्रमांक सरकतात, आणि फरक तपासणाऱ्याला वाटतं, सगळंच उलटंपालटं झालं. म्हणून बदल का केला, हे कमिटच्या संदेशात लिहायला लाव. त्रिमितीय आरेखनाच्या 'ग्रासहॉपर'मध्ये बायनरी .जीएचऐवजी एक्सएमएलची .जीएचएक्स निवडता येते, ती निवडावी. मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या 'स्क्रॅच'ची .एसबी३ तर झिपच असते. ठोकळ्यांवरच्या टिपाही आतल्या जेसन फाइलीत सापडतात.

आयबीएममध्ये २०१३ साली सुरू झालेल्या, उपकरणं आणि सेवा नोडनी जोडणाऱ्या 'नोड-रेड'ची पद्धत मला सगळ्यांत व्यवहारी वाटते. नोडची सेटिंगची खिडकी आणि त्याचा मदतमजकूर एकाच एचटीएमएल फाइलीत असतात. नोड बसवला की मदतही सोबत येते. इंटरनेट नसलेल्या कारखान्यातही ती बाजूच्या पट्टीत दिसते. सेटिंगमध्ये नवा रकाना घालणाऱ्याला तिथंच खाली जुना मजकूर दिसतो. (तरी लोक तो न बदलता पुढे जातात, हा भाग वेगळा.)

विकी नकोच असं नाही. युक्त्या, अनुभव, 'माझंच का चालत नाही'ची उत्तरं तिथं शोभतात. नोडमध्ये काय जातं, काय बाहेर पडतं, चुकलं तर काय होतं, हे मात्र नोडसोबतच राहू दे.

सगळे नोड एकदम घेऊ नकोस. ज्यांच्याबद्दल सपोर्टला सारखे फोन येतात, ते आधी घे. प्रत्येकाला एक चालणारं उदाहरण दे आणि ते प्रत्येक नव्या आवृत्तीच्या चाचण्यांत घालून घे. चाचण्या बघणारा कुरकुर करेल. त्याला चहा पाज.

तुझा,
मामा