हाडांची ठेव

घरात सून गरोदर आहे. गाईचे सगळे दूध डेअरीत जाते. सून कोरा चहा पिते. सासूबाई, हे बरे नव्हे!

हाडे आणि दात कशाने घट्ट होतात? कॅल्शियमने. अंगातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेले थोडे रक्तात असते. त्याच्यावाचून हृदय नीट चालत नाही. म्हणून रक्तात ते कमी पडू लागले, की शरीर हाडांतून काढून घेते. अडीनडीला आपण ठेव मोडतो ना, तसेच. पण रोज ठेव मोडली आणि भर घातलीच नाही तर? हाडे पोकळ होतात. म्हातारपणी नुसते पाय घसरून पडले तरी मोडतात.

गरोदर बाईच्या पोटातले बाळही आईकडूनच कॅल्शियम घेते. तिची ठेव जपली पाहिजे.

भर कशी घालावी? दूध, दही, ताक घ्यावे. नाचणीची भाकरी खावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागते. शेवग्याच्या पाल्याची भाजी करावी. थोडा वेळ उन्हात बसावे. उन्हामुळे खाल्लेले कॅल्शियम अंगी लागते.

तंबाखूबरोबर चुना खाऊन मात्र भर पडत नाही. त्याने तोंडाचा कर्करोग होतो.

सासूबाई, उद्या धार काढली की एक पेला दूध बाजूला ठेवा. तापवून सुनेला द्या.