आधी परतीची गाडी पाहा

विरार लोकलचं नाव काढलं की दादर-अंधेरीकडचा माणूस दचकतो. पण सकाळी चर्चगेटहून विरारकडे निघालेल्या गाडीत बसायला जागा मिळते, कारण लोंढा उलट्या दिशेला चाललेला असतो. संध्याकाळी मुंबईकडे येतानाही तेच. त्यामुळे स्वतःच्या वाहनाशिवाय वसई-विरारचा गावपट्टा पाहायला निघालेल्यांचं जाणं सहसा अडत नाही. अडतं ते परतणं, आणि तेही स्टेशनापासून बरंच आत गेल्यावर.

डोंबिवलीच्या चार मित्रांना हे कामणला कळलं. दिव्याहून वसईला येणाऱ्या मेमूने ते कामण रोडला उतरले आणि बेलकडीच्या बाजूने कामणदुर्ग चढले. वर थोडे रेंगाळले, खाली येताना वाट चुकली आणि स्टेशनावर पोहोचेपर्यंत मेमू निघून गेली होती. या मार्गावर दिवसभरात मोजक्याच गाड्या धावतात. मग अंधारात चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्याच्या कडेने पायपीट. एका बाजूला खड्डे, दुसऱ्या बाजूला कंटेनर. किल्ल्याच्या चढणीपेक्षा त्या रस्त्याचीच भीती जास्त वाटली, असं ते सांगतात. आता या मंडळींचा बेत परतीच्या गाडीपासून सुरू होतो. शेवटची गाडी हिशेबात धरायचीच नाही, तिच्या आधीची धरायची. ती चुकलीच तर शेवटची हाताशी असते.

गाडीचा हिशेब जमला तरी पायवाटेचा प्रश्न उरतो. इंग्लंडमध्ये पायी भटकणाऱ्याला याबाबत एक मोठी सोय आहे. १९४९च्या कायद्याने तिथे सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली. नकाशावर हिरव्या तुटक रेषेने दाखवलेल्या त्या वाटा खासगी शेतातून गेल्या तरी त्यांवरून चालायचा हक्क लोकांना आहे. वसईच्या वाड्यांमध्ये असा नकाशा नाही. मोबाइलवर दिसणारी बारीक रेघ बऱ्याचदा कुणाच्या तरी केळीच्या बागेत किंवा थेट अंगणात संपते. तिथे फाटक ढकलण्याऐवजी "मावशी, इथून पुढे वाट आहे का?" एवढं विचारावं. वाट असली तर दाखवतात, नसली तर कुठून वळायचं ते सांगतात. न विचारता आत शिरलं की आधी कुत्रा येतो.

पहिल्यांदा येणाऱ्याने नालासोपारा पश्चिमेपासून सुरुवात करावी. सोपारा गावातला स्तूप १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी उकरून पाहिला. गावकरी त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. त्याच वर्षी सोपाऱ्यात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा मिळायला १९५६ साल उजाडलं, आणि तो मिळाला भुईगावात. सोपाऱ्याहून गास आणि निर्मळ करत भुईगावला चालत जाता येतं. गासला संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्च आहे. मूळचे वसईचे हे संत १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाले. पुढे निर्मळचा तलाव आणि शंकराचार्यांचं समाधिमंदिर. पाय थकले तर वाटेत बस किंवा शेअर रिक्षा भेटते, फक्त रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. दुपारी गावातल्या नाक्यावर सीट भरेपर्यंत बराच वेळ जातो, तो आधीच हिशेबात धरावा. वाडीतली पायपीट आणि वसईचा किल्ला एका दिवसात बसवायचा हट्ट तर करूच नये. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला हा किल्ला वसई रोड स्टेशनापासून सहा-सात किलोमीटरवर आहे आणि नीट पाहायचा तर त्याला स्वतंत्र दिवस लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाल्याने किल्ल्यावरून परतायला पाण्याची वाटही आहे. वेळापत्रक मात्र त्याच दिवशी विचारून घ्यावं.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर. होडीचा प्रवास काही मिनिटांचा, पण किनाऱ्यावरचं पाणी भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. दिनदर्शिका घरात असतेच, निघण्यापूर्वी पाहायला हरकत नाही. पलीकडे उतरताच होडीवाल्याला "दादा, शेवटची फेरी किती वाजता?" हे विचारावं आणि मगच किल्ल्याकडे वळावं.

पावसाळ्यात सगळेच हिशेब बदलतात. चिंचोटीच्या धबधब्यात बुडून अनेक तरुण गेले आहेत. प्रशासन पावसाळ्यात तिथे वेळोवेळी बंदी घालतं, तरीही आडवाटेने जाणारे जातातच. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही, पाणी एकाएकी वाढतं. लोकलचाही भरवसा नसतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा परिसरात रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरार दरम्यानची सेवा बंद पडली होती. पावसाच्या दिवसांत बाहेर पडायचंच तर स्टेशनापासून चालत गाठता येईल एवढ्या अंतरातच फिरावं.

शेवटी पाणजू. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या खाडीतलं हे बेट लोकलच्या खिडकीतून दिसतं, आणि गावकरी रेल्वे पुलाच्या कडेने चालत जातानाही दिसतात. त्यांच्यासाठी ती नाइलाजाची वाट आहे. हौसेने आलेल्याने तिच्याकडे फिरकूही नये. रेल्वेच्या हद्दीत असं शिरणं हा १९८९च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि गाडी आलीच तर पुलावर अंग चोरायला फारशी जागा नसते. पाणजूला जायचं तर नायगावहून होडीनेच जा.