मिठीची छायाचित्रे

काळाचौकीस जवळची नदी कोणती, असे विचारल्यास पुष्कळ मुले गप्प बसतात. ती मिठी होय. विहार व पवई तलावांचे सांडणारे पाणी घेऊन ती माहीमपाशी समुद्रास मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिला नाला म्हणणाऱ्यांना तिचे नाव आठवले!

मुलांनो, माहीमच्या पुलावर एकाच जागी उभे राहून ऋतुमानाप्रमाणे तिची छायाचित्रे घ्या. तारखेसोबत भरती-ओहोटीची वेळही टिपा. नाहीतर समुद्राचे पाणी नदीच्या नावावर जमा व्हायचे. श्रावणातील ओहोटीच्या चित्रात गढूळ लोंढा दिसेल. वैशाखात तलाव सांडत नाहीत, तरीही पात्रात काळे पाणी वाहताना दिसेल. ते काठच्या वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी.